बल्बचं घरचं बी: बोंड धरण्यापासून पहिल्या फुलापर्यंत

दरवर्षी मृग लागला की कुणीतरी कागदाची पुडी घेऊन दारात उभं असतं. पुडीत अ‍ॅमरिलिसचं बी. मागच्या वर्षीच्या मे महिन्यात धरलेलं, सावलीत छान वाळवलेलं, वर तारीखसुद्धा लिहिलेली. बाकी सगळं नीट, फक्त बी मेलेलं. झेंडू, गोकर्ण, गुलबक्षीचं बी वर्षभर डब्यात राहतं, मग बल्बचं, म्हणजे कांद्यातून फुटणाऱ्या फुलझाडांचंही राहील असं धरून चालतात, आणि खेळ तिथेच संपतो.

हा लेख अ‍ॅमरिलिसच्या मूळ जाती, रेन लिली, क्रायनम (मोठ्या कांद्याची लिली), फुटबॉल लिली (लाल चेंडूसारख्या फुलाची) आणि कळलावी यांच्यासाठी आहे. कळलावीचा कंद काही कांदा नव्हे, पण लोक तिच्या बाबतीतही त्याच चुका करतात म्हणून तिलाही घेतलं. नर्सरीत यांचे चार-दोन रंगीत संकर मिळतात. मूळ जाती सहसा मिळत नाहीत, आणि मिळाल्याच तर एका कांद्याची किंमत ऐकून माणूस परत फिरतो. म्हणून बी.

एक अट मात्र आधीच. बी तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या कुंडीतलं असावं. राखीव जंगलातून कांदा किंवा बी उचलणं गुन्हा आहे. शिवाय क्रायनम वूड्रोवीसारख्या जाती सह्याद्रीत आधीच इतक्या थोड्या उरल्या आहेत की प्रत्येक हौशी माणसाने एकेक बोंड उचललं तरी त्या संपायला पुरे.

## आधी बी ओळखा

पुढची प्रत्येक पायरी बी कोणत्या प्रकारचं आहे त्यावर ठरते. प्रकार तीन.

पापुद्र्याचं बी: काळं, चपटं, कागदासारखं हलकं. अ‍ॅमरिलिस, रेन लिली, तिच्याच जवळची हॅब्रँथस आणि आपल्याकडचा रानकांदा या गटात येतात. हे ताजं असतानाच लावायचं. दोन-तीन आठवडे थांबलात तर चालून जातं. कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं तर काही महिने तग धरतं, पण उगवण घसरत जाते.

मांसल बी: क्रायनमचं बी हिरवं, ओबडधोबड, वाटाण्यापासून छोट्या बटाट्याएवढं. फुटबॉल लिलीचं लाल फळाच्या गरात असतं. या बियांना विश्रांतीचा काळ नसतो. क्रायनमचं बी तर टेबलावर कोरडं ठेवलं तरी पाण्याच्या थेंबाशिवाय कोंब काढतं. वाळवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, हवाबंद डब्यात तर मुळीच नाही.

कडक बी: कळलावीचं. वर नारिंगी-लाल साल, आत टणक दाणा. हे एकच बी पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरडं ठेवायचं असतं, कारण ते ताजं असताना झोपलेलं असतं.

मजा अशी की लोक नेमकं उलटं करतात. क्रायनम वाळवतात आणि कळलावी तोडल्या दिवशी पेरतात.

## १. फुलं येण्याआधीची तयारी

नागपुरात अ‍ॅमरिलिस मार्च-एप्रिलमध्ये फुलतं. बोंड पिकायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात, म्हणजे बी हातात येतं ते एप्रिलअखेर ते मेच्या मध्यात. बाहेर पंचेचाळीस अंश, गच्चीवर पाय ठेवता येत नाही, आणि बी मात्र लगेच लावायचं. त्या वेळी रेती शोधत फिरायला लागलात तर बी वाळणारच. तयारी होळीच्या आसपास उरकून ठेवा.

रेती: कन्हान नदीची जाड रेती बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून एक घमेलं आणा. गव्हाच्या चाळणीने खडे काढा. मग पिठाच्या चाळणीत घ्या आणि जी बारीक धूळ खाली पडते ती टाकून द्या. चाळणीवर उरते ती आपली रेती. बादलीत पाणी नितळ येईपर्यंत ती धुवायची, पाच-सहा पाण्यांना तयारी ठेवा.

मिश्रण: दोन भाग रेती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत. कोकोपीटची वीट भिजवून एकदा पिळून टाका, त्यातले क्षार निघून जातात. शेणखत पहिल्या वर्षी नकोच. काळी मातीही नको. ती भिजली की फुगते, वाळली की तडकते, आणि तडकताना दोऱ्यासारखी मुळं तोडते. आपल्याकडे कुंडी म्हटली की हात आपसूक काळ्या मातीकडे जातो, तेवढा आवरा.

निर्जंतुक करणं: यासाठी गॅस जाळायची गरज नाही. ओलसर मिश्रण पारदर्शक पिशवीत चपटं भरा, तोंड बांधा आणि कडक उन्हात गच्चीवर आठवडाभर पडू द्या. मधे एकदा पिशवी उलटी करा. पिशवी काळी नको, पारदर्शकच हवी.

भांडं: खोली किमान १२ ते १५ सेंटिमीटर. मिरचीच्या रोपांचे उथळ ट्रे इथे कामाचे नाहीत, कारण कोवळे कांदे आकुंचन पावणाऱ्या मुळांनी स्वतःला खाली ओढून घेतात आणि उथळ ट्रेमध्ये तळाशी जाऊन बसतात. आइस्क्रीमचा उंच डबा, तळाला तापलेल्या खिळ्याने पाडलेली दहा-बारा भोकं, एवढ्यात काम भागतं. क्रायनमला मात्र २० ते २५ सेंटिमीटर खोल कुंडी द्या.

पाणी: नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी दिलं की काही आठवड्यांत कुंडीच्या काठावर पांढरी किनार दिसू लागते. रोपांची टोकं त्याच क्षारांनी जळतात. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं, पावसाचं तर उत्तमच.

इशारा: आरओ यंत्राच्या टाकाऊ नळीचं पाणी 'वाया कशाला घालवायचं' म्हणून रोपांना घालू नका. गाळून उरलेले सगळे क्षार त्यातच असतात. फरशी पुसायला वापरा.

तपासणी: मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. पाणी ठिबकलं तर ओल जास्त. मूठ उघडून बोटाने टोचल्यावर गोळा फुटला पाहिजे. तसाच राहिला तर रेती कमी पडली.

## २. पराग लावणं

वाऱ्याच्या आणि मधमाशीच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅमरिलिसच्या बऱ्याच मूळ जाती स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. एकाच कांद्याची दोन पिल्लं म्हणजेही तोच जीव, त्यामुळे दोन कुंड्या शेजारी ठेवून उपयोग नसतो. वेगळ्या ठिकाणाहून आलेला त्याच जातीचा दुसरा कांदा लागतो. बाजारातले मोठ्या फुलांचे संकर मात्र बरेचदा स्वतःच्याच परागाने बोंड धरतात.

फूल उघडलं की आधी परागकोश फुटतात आणि पिवळी भुकटी दिसते. मधला सगळ्यात लांब दांडा तेव्हा तयार नसतो. एक-दोन दिवसांनी त्याच्या टोकाचे तीन फाटे पसरतात आणि चिकट दिसू लागतात. पराग तेव्हा लावायचा. घाईघाईने पहिल्याच दिवशी लावणं ही फार सार्वत्रिक चूक आहे.

वेळ सकाळी आठ-नऊपर्यंतची. दुपारच्या झळा सुरू झाल्या की टोक कोरडं पडतं. ब्रश नको, त्यात मागच्या फुलाचा पराग अडकून राहतो. चिमट्याने अख्खा परागकोश तोडा आणि तिन्ही फाट्यांवर फिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

दोन जाती एका वेळी फुलत नसतील तर पराग साठवता येतो. परागकोश एक दिवस सावलीत वाळू द्या, कागदाच्या छोट्या पुडीत ठेवा, पुडी सिलिका जेलबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत आणि डबी फ्रिजमध्ये. औषधाच्या बाटल्यांतून निघणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या जमवून ठेवा, इथेच कामाला येतात.

रेन लिलीचं थोडं वेगळं. पिवळी झेफिरँथस सिट्रिना काही न करता भरभरून बी धरते, पण तिचं रोप बहुतेक वेळा आईची हुबेहूब नक्कल निघतं. तिच्यावर दुसऱ्याचा पराग लावून नवा रंग मिळेल या आशेत लोक दोन-दोन वर्षं घालवतात. उलट करा, तिचा पराग दुसऱ्या जातीवर लावा. आणि सगळीकडे दिसणारी मोठी गुलाबी रेन लिली क्वचितच बी धरते. तिच्या मागे लागू नका, तिचे कांदे भराभर वाढतात.

पराग लावल्या लावल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधा आणि वहीत लिहा: आई कोण, पराग कुणाचा, तारीख. 'लक्षात राहील' असं वाटत असतानाच लिहा.

## ३. बोंड राखणं आणि तोडणं

आठवडाभरात फुलामागची गाठ फुगू लागली तर जमलं. पिवळी पडून गळली तर नाही. एका दांड्यावर चार बोंडं धरली असतील तर दोनच ठेवा, कांद्याचा जीव जातो. या काळात पाणी तोडू नका आणि कुंडीला दुपारचं ऊन लागू देऊ नका.

अ‍ॅमरिलिसचं बोंड तीन पाकळ्यांचं असतं. हिरवं, मग पिवळसर, मग वरच्या टोकाला बारीक चीर. कापसाचं बोंड पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. चीर दिसली त्याच दिवशी तोडायचं. दोन दिवस उशीर झाला तर बी शेजारच्या गच्चीवर. दररोज सकाळी पाहणं शक्य नसेल तर हळदीकुंकवाच्या वाणात मिळालेली जाळीची पोटली बोंडावर चढवून नाडी ओढून ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि बोंड बुरसतं.

बोंड कुठे फोडायचं हेही सांगतो, कारण मी ते चुकीच्या जागी फोडलं आहे. मेमधली दुपार, कूलर पूर्ण वेगात, मी सतरंजीवर मांडी घालून बोंडाच्या तिन्ही फाका उघडल्या. सत्तर-ऐंशी काळ्या चकत्या एकावर एक नाण्यांच्या गड्डीसारख्या रचलेल्या होत्या. त्या बघायला म्हणून वाकलो, आणि कूलरचा झोत त्यांच्यावर आला. पुढचा अर्धा तास दिवाणाखाली गेला. दोन जातींची बोंडं शेजारी होती, त्यामुळे कुठली चकती कुणाची हे आजही ठाऊक नाही. पंखा-कूलर बंद करा, खोल ताटली घ्या, एका वेळी एकच बोंड.

रेन लिलीचं बोंड तीन-चार आठवड्यांत पिकतं, तेही भर पावसात. सरीत भिजलेलं बोंड फुटायच्या आत तोडून कोरड्या कागदावर घरात फुटू द्या. क्रायनमचं फळ मऊ पडलं किंवा दांडा त्याच्या वजनाने जमिनीला टेकला की घ्या. फुटबॉल लिलीची फळं लाल व्हायला काही महिने घेतात. हिरवी तोडू नका, कितीही मोह झाला तरी.

## ४. बी निवडणं

बोंडातली प्रत्येक काळी चकती बी नसते. पापुद्र्याचं बी एकेक करून खिडकीसमोर धरा. मधोमध गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा गडद उंचवटा दिसला तर जीव आहे. सगळीकडून सारखीच पातळ, आरपार दिसणारी चकती म्हणजे भुसा. स्वतःच्या परागाने धरलेल्या बोंडात भुसा बराच निघतो. घाबरू नका, पण अख्खा ट्रे भुशाने पेरून 'उगवलं नाही' असंही म्हणू नका.

क्रायनमच्या बीला बोटाने दाबून पाहा. टणक हवं. मऊ, पाणचट झालेलं टाकून द्या. फुटबॉल लिलीच्या फळाचा गर पूर्ण काढावा लागतो. पाण्यात चोळा, फडक्याने पुसा, बोटाला चिकटपणा लागेनासा होईपर्यंत. गर राहिला की तिसऱ्या दिवशी बुरशी येते.

इशारा: या सगळ्या कांद्यांत विषारी द्रव्यं असतात. अ‍ॅमरिलिस आणि क्रायनमच्या कुळात लायकोरिन, ज्याने उलट्या होतात. कळलावी तर नखशिखांत विषारी आहे, तिच्यातलं कोल्चिसिन जीव घेऊ शकतं. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातली ताटली वापरू नका, आणि बी लहान मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका. कळलावीची लाल बी मुलांना गोळीसारखी दिसते.

## ५. पेरणी

### पापुद्र्याचं बी

दोन रीती आहेत. मला पाण्यावरची आवडते, कारण काय चाललं आहे ते दिसतं.

पसरट काचेच्या वाडग्यात दोन बोटं पाणी घ्या आणि बी पाण्यावर तरंगत सोडा. बुडवायचं नाही. वाडगा कूलरच्या खोलीत, उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. बाहेर भट्टी पेटलेली असताना ही खोली २८-३० अंशांवर असते आणि हवेत ओल असते. बल्बच्या बीला याहून वेगळं काही लागत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात रोपवाटिका घरातच आहे, आपण तिला कूलरची खोली म्हणतो. फक्त थेट झोतात नको.

पाणी दर तीन दिवसांनी बदला. दहा ते वीस दिवसांत चकतीच्या एका कडेतून पांढरं मूळ निघतं. ते एक-दीड सेंटिमीटर झालं की लगेच मिश्रणात. काडीने भोक करा, मूळ आत सोडा, चकती वरच राहू द्या. दोन रोपांत तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा.

इथे लोक 'अजून थोडं वाढू दे' म्हणत पान येईपर्यंत पाण्यातच ठेवतात. मग मूळ तपकिरी पडतं आणि लावताना तुटतं. पान मातीतही येतं.

दुसरी रीत सरळ पेरणीची: चकती आडवी न टाकता कडेवर उभी खोचा, वरची कड जेमतेम दिसेल इतकी. रेन लिलीला हीच रीत बरी, कारण ती पावसाळ्यात पेरायची असते आणि तेव्हा हवामान आपल्या बाजूने असतं.

### मांसल बी

क्रायनमचं बी रेतीवर ठेवा आणि अर्धं दाबा, बस. पुरू नका. पुरलेलं बी कुजतं.

पुढे जे होतं त्याने नवखा माणूस हमखास गोंधळतो. बीतून एक जाड पांढरट दांडा निघतो, वर न जाता खाली वळतो, मिश्रणात शिरतो, आणि त्याच्या टोकाशी, बीपासून काही अंतरावर, जमिनीखाली कांदा तयार होतो. पान त्या कांद्यातून वर येतं. त्यामुळे बी एकीकडे आणि पान दुसरीकडे असं दिसतं. लोकांना वाटतं बीचं काम संपलं, आणि ते उपटून टाकतात. ते रोपाचं शिदोरीचं गाठोडं आहे, स्वतःहून सुकून गळेपर्यंत हात लावायचा नाही.

फुटबॉल लिलीचं साफ केलेलं बी तसंच वरवर ठेवा, पण थोडी जास्त सावली द्या. तिचं पहिलं पान यायला वेळ लागतो. आधी खाली जाड मूळ आणि कांदा, वर महिनाभर काहीच नाही. दर चार दिवसांनी उकरून पाहणारे लोक ही जात मारतात.

तपासणी: मांसल बी पोस्टाने पाठवायचं असेल तर वर्तमानपत्रात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या डब्यात घाला. प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं बी उन्हाळ्यात उकडून पोचतं. वाटेत कोंब निघाला तरी बिघडत नाही, तुटू मात्र नये.

### कडक बी

कळलावीची बोंडं पावसाळ्यानंतर पिकतात. लाल साल पाण्यात भिजवून चोळून काढा, दाणे वाळवा आणि कागदी पाकिटात भरून ठेवा. नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) संपत आला की बाहेर काढा, पॉलिश पेपरवर एका बाजूने हलके घासा, कोमट पाण्यात एक दिवस भिजवा आणि एक सेंटिमीटर खोल पेरा. उगवण एकसारखी होत नाही. काही दाणे तीन आठवड्यांत, काही तीन महिन्यांनी. पोळ्यापर्यंत ट्रे टाकून देऊ नका.

## ६. पहिले दोन महिने

पहिलं पान गवताच्या पात्यासारखं असतं. तण समजून उपटू नका (हसू नका, झालेलं आहे).

पाणी खालून द्या: डबा परातीत अर्धा तास ठेवा, वरचा थर ओलसर दिसला की काढा. वरून ओतलं की रोपं लवंडतात. वर अर्धा सेंटिमीटर धुतलेल्या रेतीचा थर द्या. त्याने पृष्ठभाग कोरडा राहतो, बारीक काळ्या माश्या अंडी घालत नाहीत आणि रोपांची मान कुजत नाही. ट्रायकोडर्माची (कूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) भुकटी कृषी केंद्रात मिळते, ती पाण्यातून एकदा दिली तर उत्तम.

दुसरं पान आलं की खत. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत एका लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. पाकिटावरचं प्रमाण शेतासाठी असतं, ते इथे वापरलं तर रोपं भाजतात.

## ७. पावसाळा

पहिल्या सरीला ट्रे उचलून अंगणात नेण्याचा उत्साह सगळ्यांना येतो. मोठे थेंब रोपं उखडून टाकतात. आधी आठ-दहा दिवस वळचणीखाली, जिथे शिंतोडे येतात पण धार पडत नाही. मग सकाळच्या कोवळ्या उन्हात.

खरा शत्रू जुलै-ऑगस्टमध्ये येतो: लिलीची अळी. काळी, पांढऱ्या ठिपक्यांची. एका जातीच्या अंगावर लाल ठिपकेही असतात. क्रायनम, अ‍ॅमरिलिस, कळलावी, सगळं खाते, आणि रात्री खाते. माझा चाळीस रोपांचा एक ट्रे संध्याकाळी हिरवागार होता. सकाळी नुसत्या रेतीत काड्या उभ्या. तेव्हापासून या दोन महिन्यांत रोज झोपण्याआधी टॉर्च घेऊन एक फेरी. पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचा पुंजका दिसला तर बोटाने पुसून टाका, अळ्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात. पान खाल्लं तरी कांदा शाबूत असेल तर ट्रे फेकू नका. त्या चाळीसपैकी बरेच पुन्हा फुटले होते.

इशारा: ट्रेखालची ताटली पावसाळ्यात काढून ठेवा. साचलेल्या पाण्यात कांदा कुजतो आणि डासही होतात, डेंग्यूच्या दिवसांत हे परवडणारं नाही.

## ८. पहिला हिवाळा

मोठ्या अ‍ॅमरिलिसचं पाणी थंडीत तोडतात, म्हणून रोपांचंही तोडलं जातं. शेंगदाण्याएवढ्या कांद्यात तेवढा साठा नसतो, तो महिनाभरात वाळून जातो. पहिल्या वर्षी अ‍ॅमरिलिस, क्रायनम आणि रेन लिलीची रोपं झोपवायची नाहीत. पाणी कमी करा, वरचा थर वाळल्यावर द्या, आणि भरपूर ऊन खाऊ द्या. खत डिसेंबर-जानेवारीत बंद.

फुटबॉल लिली आणि कळलावीची पानं मात्र स्वतःच पिवळी पडून जातात. तेव्हा मिश्रण जेमतेम ओलसर ठेवायचं, पंधरा-वीस दिवसांतून पाण्याचा एक हबका. कुंडी रिकामी दिसते म्हणून तिच्यात कोथिंबीर पेरू नका.

कळलावीचा कंद पहिल्या वर्षी उकरायचाच नाही. डोळा फक्त टोकाला असतो, टोक तुटलं की कंद गेला.

नागपूरची थंडी कधी कधी अंगावर येते. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री ट्रे भिंतीलगत आणा आणि वर जुनी चादर टाका, सकाळी काढा.

## ९. पहिला उन्हाळा

इथे रोपं सगळ्यात जास्त मरतात, आणि बहुतेक पाण्याअभावी मरत नाहीत. कुंडी तापून मुळं शिजतात. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंश नोंदले गेले. ते सावलीतलं तापमान. गच्चीच्या फरशीवर ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत काय होत असेल याचा अंदाज करा.

मार्च संपता संपता सगळ्या कुंड्या गच्चीवरून खाली, पूर्वेच्या भिंतीला. वर ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी. लहान कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधली जागा रेतीने भरा आणि ती रेती ओली ठेवा. माठ जसा गार राहतो तसंच. जागा नसेल तर फळांच्या क्रेटमध्ये सगळ्या कुंड्या घालून भोवती ओलं पोतं गुंडाळा.

पाणी संध्याकाळी, तेही नळातून आधी तापलेलं पाणी वाहू देऊन. टाकी गच्चीवर असेल तर दुपारी चारला नळातून जे येतं त्याने चहा होऊ शकतो.

तपासणी: दुपारी दोन वाजता कुंडीच्या बाहेरच्या बाजूला तळहात टेकवा. दहा सेकंद ठेवता आला नाही तर जागा बदला, जाळी कितीही दाट असो.

## १०. नावं, कुंडी बदलणं आणि फूल

मार्कर पेनने लिहिलेली पट्टी आपल्या उन्हात एक उन्हाळा टिकत नाही. पेन्सिल टिकते. त्याहून चांगलं म्हणजे कोल्ड्रिंकचा डबा कापून पट्ट्या करायच्या आणि बॉलपेनने दाबून नंबर कोरायचा. कडा हात कापतात, दुमडून घ्या. एक पट्टी बाहेर, तसाच नंबर असलेली दुसरी मिश्रणात पुरलेली. वहीत नंबरासमोर सगळा तपशील.

कुंडी बदलायची घाई नको. रोपांना चार पानं येऊन कांदा बोराएवढा झाल्यावर, म्हणजे बहुधा दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला. अ‍ॅमरिलिसच्या कांद्याची मान वर उघडी ठेवायची, क्रायनम खोल बसवायचं, रेन लिली गर्दीतच सुखी असते. मुळं कापू नका. आता मिश्रणात एक भाग जुनं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड चालेल.

रेन लिली एक-दोन वर्षांत फुलते. अ‍ॅमरिलिस तीन-चार, कळलावी साधारण तीन, फुटबॉल लिली आणि क्रायनम तीन ते पाच, कधी त्याहून जास्त. कुंडी लहान, ऊन कमी आणि खत नाही, असं असलं तर दोन वर्षं आणखी जोडा.

पहिलं फूल आलं की त्याच सकाळी फोटो काढा, पट्टीवरचा नंबर फोटोत दिसेल असा, आणि वहीतल्या आई-बापाशी ताडून पाहा. जुळत नसेल तर पट्टी बदलली गेली किंवा मधमाशी तुमच्या आधी पोचली. त्या कांद्याला मूळ जातीचं नाव देऊन कुणाला देऊ नका. नंबरनेच द्या, आणि त्याचं बी पुढे धरायचं असेल तर आधी शेजारच्या कुंडीत त्याच जातीचा दुसरा, खात्रीचा कांदा आहे का ते बघा.